बनियनमधली डबी

त्या दिवशी हिरालालच्या पिकअपमध्ये एकच नग होता आणि तो मुठीत मावेल एवढा होता. तरी त्यानं त्यासाठी कारखान्यातली सगळ्यात चांगली थर्माकोलची पेटी काढली होती. तळाला लाकडाचा भुसा, त्यावर कुटलेला बर्फ, मधोमध प्लास्टिकची डबी, वर पुन्हा बर्फ आणि सगळ्यावर ओलं पोतं. देवळीत बर्फाचा कारखाना चालवण्यात त्याची हयात गेली होती. लग्नातली कुल्फी, यात्रेतलं सरबत, नागपूरची मासळी, एकदा तर मुलगा परदेशातून येईपर्यंत ठेवलेलं एका म्हाताऱ्याचं प्रेत, हिरालालच्या बर्फानं जपलं नाही असं गावात काही उरलं नव्हतं. थंड ते टिकतं. या एका वाक्यावर त्याचं घर उभं होतं.

डबीत त्याच्या मुलाचं वीर्य होतं. हा शब्द हिरालालनं आजवर कधी तोंडातून काढला नव्हता आणि आजही काढायचा त्याचा इरादा नव्हता. मनातसुद्धा तो त्याला 'सामान' म्हणत होता.

रजत चोवीस वर्षांचा. फेब्रुवारीत सेलूच्या सुरभीशी त्याचं साक्षगंध झालं होतं, लग्नाचा बार हिवाळ्यात उडायचा होता. मे उजाडेपर्यंत खोकला लागला, मानेवर गाठी आल्या आणि वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयात निदान झालं: लसिकाग्रंथींचा कर्करोग. छातीत एवढी मोठी गाठ, की उताणं झोपलं तर श्वास कोंडायचा. डॉक्टर मात्र ठाम होते. हा आजार बरा होतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "केमोथेरपी सुरू करायच्या आधी एक काम उरकून घ्या. ही औषधं आजारी पेशींबरोबर चांगल्याही मारतात. शुक्राणू तयार होणं बंद पडू शकतं. काहींचं परत सुरू होतं, काहींचं होत नाही. मुलाचं लग्न ठरलंय, आधीच साठवून ठेवा."

"म्हणजे लेकरूबाळ?" रजतची आई मंदाबाई हिने सरळ विचारलं.

"साठवलं असेल तर पुढे वाट उघडी राहते."

हे बोलणं चाललं असताना हिरालाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

वर्ध्यातल्या साठवणीच्या केंद्रात त्या आठवड्यात नवे नमुने घेणं बंद होतं. जवळची प्रयोगशाळा म्हणजे नागपूरच्या अलीकडे, मिहानच्या बाजूची. रजतला नाकाला नळी लावून ठेवलेली, त्याला हलवायला डॉक्टर तयार नव्हते. तेव्हा रजत इथेच राहणार आणि सामान जाणार, असं ठरलं. तासाभरात पोचलं पाहिजे. तिथे ते गोठवून ठेवतील.

गोठवून. सगळ्या बोलण्यातला हा एकच शब्द हिरालालच्या हद्दीतला होता आणि त्यानं तो घट्ट धरला. रजतनं डबी देताना खाली मान घालून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं, मग नुसतं म्हणाला, "जपून न्या, बाबा."

"मले सांगतं का?" हिरालाल म्हणाला आणि निघाला.

प्रयोगशाळेतल्या आचल मॅडमनी पेटी उघडली. पोतं उचललं, बर्फ बाजूला केला आणि त्यांचा हात थांबला.

"काका, हे बर्फात?"

"बिलकुल गरम होऊ नाई देलं, मॅडम. हात लावून पाहा."

मॅडमनी हात लावला. मग घाईनं आत गेल्या. काचेच्या खिडकीपलीकडे त्यांनी एक थेंब पट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. बाजूच्या पडद्यावर करडं चित्र उमटलं. त्यात तीळ सांडल्यासारखे ठिपके होते, प्रत्येकाला केसाएवढी शेपटी. सगळे जागच्या जागी. मॅडमनी पट्टी थोडी ऊब देऊन पुन्हा पाहिली. दुसरा थेंब घेतला. मग बाहेर आल्या.

"हलत नाहीत."

"झोपले असतीन."

"नाही, काका."

"प्रवासातून आले ना. थोडं थांबून पाहा."

"थंडीचा झटका बसलाय त्यांना. ते आता उठणार नाहीत."

हिरालालचा आवाज चढला. "तुम्हीच तर गोठवता म्हणे इथं! मी अर्धं काम करून आणलं अन् तुम्ही मलेच म्हणता?"

"आम्ही आधी त्यात औषध मिसळतो. मग टप्प्याटप्प्यानं थंड करतो. नुसत्या बर्फाला पालकाची जुडी चिकटली तर काय होतं?"

बर्फाला टेकलेलं पान काळं पडतं, हे देवळीच्या बाजारात हिरालालइतकं कुणाला माहीत होतं? भाजीवाल्यांना तो स्वतः सांगायचा: पान आणि बर्फ यांच्या मधे पोतं घाल बाबा. त्यानं डबीभोवती पोतंसुद्धा घातलं नव्हतं. थेट बर्फात खुपसली होती, जास्त टिकावी म्हणून.

"केमो कधी आहे?" मॅडमनी विचारलं.

"उद्या."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बोलणं थोडक्यात आटोपलं. "उद्या दुपारपर्यंत थांबतील म्हणाले. त्यापुढे नाही, गाठ वाढतेय. सकाळी पुन्हा नमुना आणा. शरीराच्या उबेत. आणि इकडे या, काय आणायचंय ते एकदा बघून घ्या."

त्यांनी पडद्यावर शिकवण्यासाठी ठेवलेली एक जुनी चित्रफीत लावली. हिरालाल नाइलाजानं वाकला आणि वाकलेलाच राहिला. पडदा नुसता खवळला होता. शेपट्या मारत, एकमेकांना धडकत, वळत, घुसत शेकडो जीव पळत होते. शाळेची घंटा वाजल्यावर फाटकातून सुटलेली पोट्टी जशी.

"हे असे पळतेत?"

"असे पळायला हवेत. रजत आजारी आहे, एवढे नसतील. पण थोडे जरी पळते आले, तरी आमचं काम होतं."

"थोडे म्हंजे किती?"

"तुम्ही आणा तर, काका."

परतीच्या वाटेवर पेटीतला बर्फ वितळून पाणी मागच्या हौद्यात इकडून तिकडे हिंदकळत होतं. वर्ध्याच्या उन्हात त्याचा आवाज ऐकून एरवी हिरालालचा जीव तुटला असता. आज त्याला तो ऐकूच आला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आधी तीळ येत होते आणि मग ती पोट्टी.

वॉर्डात मंदाबाई मोसंबी सोलत बसली होती. रजत उशांना टेकून बसलेला.

"पोचलं?" तिनं विचारलं.

हिरालालनं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "सामान खराब झालं."

"कसं काय?"

"मी बर्फात ठेवलं."

रजतनं डोळे मिटले. मग तो म्हणाला, "सिस्टरनं सांगतलं होतं, बाबा. डबी अंगाशी धरून न्या म्हणून. काखेत, नाई तर पोटाशी. थंडं होऊ देऊ नका."

"मंग काऊन नाई बोलला तू?"

"कसं बोलू? बापाले सांगू का, हे काखेत धरा म्हणून?"

"अबे, पण..."

"तुम्ही विचारलं का, कसं नेऊ म्हणून?"

"मी? मी कसा विचारन तुले?"

मंदाबाईनं मोसंबी खाली ठेवली. "वा! एकानं सांगतलं नाई, दुसऱ्यानं विचारलं नाई. कुल्फी कशी जमवाची ते दोघं बापलेक तासभर बोलता, अन् हे बोलाले लाज वाटते. बयताड कुठचे! दोघंही बयताड!"

रजतला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं त्याचा चेहरा काळवंडला. हिरालालनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"उद्या जमन का नाई ते सांगता येत नाई, बाबा," रजत खाली बघत म्हणाला. "दमच पुरत नाई."

अशा वेळी बापानं काय म्हणायचं असतं, हे हिरालालला कुणी शिकवलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेवर बसला. "नाई जमलं तर नाई जमलं. तू बरा होणं पह्यले. पण जमलं, तर मी ते थंडं होऊ देत नाई. मी आज पडद्यावर पाह्यलं, रजत. चांगले असले का असे पळतेत, असे पळतेत! तुले सांगतो, पोट्टे सुटल्यावानी."

रजतनं मान वर केली. बापाच्या तोंडून असलं काही तो पहिल्यांदाच ऐकत होता. "तुम्ही पाह्यलं?"

"वाकून पाह्यलं."

आता तिघंही हसले. रजत जरा बेतानं.

"पिकअपनं नोका जाऊ," तो म्हणाला. "सुरभीले फोन करा. ती रोज समृद्धी हायवेनं मिहानले जाते, नोकरीले. तिले रस्ता पाठ आहे."

"होणाऱ्या सुनेसोबत? हे घेऊन?"

"मंग कोणासोबत?" मंदाबाई म्हणाली. "तिच्यापेक्षा जास्त कोणाचं काम आहे हे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या सिस्टरनं कपडे बदलायची आपली खोली रिकामी करून दिली. ऑक्सिजनचं छोटं नळकांडं आत ठेवलं आणि बेलचं बटण दाखवलं. रजत आत गेला. मंदाबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसली. हिरालाल जिन्याशी उभा राहिला, धड जवळ नाही, धड लांब नाही. खाली सुरभीची छोटी पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती.

शेजारच्या पेशंटची बहीण बादली घेऊन आली. "काकू, आत कोन आहे? मले पदर नीट कराचा होता."

"माहा पोरगा आहे. जप करून राह्यला."

"दवाखान्यात?"

"डॉक्टरनंच सांगतला. बोलू नोको, बाई, खंड पडते."

ती बाई हात जोडून गेली. हिरालालनं जिन्याकडे तोंड फिरवून हसू दाबलं. मग हसू ओसरलं आणि नुसतं दार उरलं. आतून खोकल्याची उबळ आली. थांबली. पुन्हा आली. मंदाबाईचा हात कडीपर्यंत गेला आणि मागे आला. गाठ वाढतेय, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दुपारनंतर डॉक्टर थांबणार नव्हते आणि त्यांनी थांबूही नये, हे हिरालालला कळत होतं. काल डबी नीट नेली असती तर पोराला आज हे करावंच लागलं नसतं, हेही कळत होतं.

कडी वाजली. रजत चौकटीला धरून उभा होता, अंग घामानं निथळत होतं, ओठ पांढरे. मंदाबाईनं पुढे होऊन त्याला धरलं. त्यानं आईच्या खांद्यावरून हात लांब केला आणि डबी बापाच्या हातात दिली, थेट, डोळ्यांत बघून.

"घ्या. गरम आहे."

हिरालालनं ती रुमालात गुंडाळली. सदऱ्याची बटणं सोडली. त्याच्या बनियनला पोटाशी आतून खिसा होता. देवळीच्या शिंप्याकडून तो सगळीच बनियनं अशी शिवून घ्यायचा, बाजारच्या दिवशीची वसुली ठेवायला. डबी त्या खिशात गेली. वरून त्यानं तळहात दाबला आणि जिना उतरला. मंदाबाईनं नंतर सांगितलं, की लग्नापासून या माणसाला तिनं पळताना पाहिलं नव्हतं.

"बसा, मामाजी," सुरभी म्हणाली आणि दार लागायच्या आत गाडी हलली.

गाडीत गारवा होता. जाळीतून थंड झोत थेट हिरालालच्या पोटावर येत होता.

"बंद कर ते! बंद कर!"

"मामाजी, बाहेर लू चालू आहे."

"चालू दे. कालचं माह्या बर्फानं गेलं, आजचं तुह्या एसीनं नाई जाऊ द्यायचं."

"मी आचल मॅडमले विचारलं रात्री. अंगाची ऊब पुरते म्हणल्या. भट्टी नाई पाहिजे."

"मंग माहं अंग पुरते. तू बंद कर."

तिनं बंद केलं. त्यानं काचाही वर करायला लावल्या, वारा लागू नये म्हणून. नागठाणा मागे पडेपर्यंत गाडीचा तंदूर झाला. हिरालालच्या कपाळावरून घाम डोळ्यांत, डोळ्यांतून मिशीत उतरत होता. उन्हाळाभर बर्फाच्या लाद्यांमध्ये वावरणारा माणूस. असा घाम त्याला कधी ठाऊक नव्हता. पुसायला हात काढावा लागला असता, म्हणून तो पुसतही नव्हता.

सुरभीनं ओढणीनं स्वतःचं तोंड टिपलं. "लग्नाच्या आधीच हळद उतरून राह्यली माही."

हिरालालनं समोर बघतच विचारलं, "तुह्या घरी माहीत आहे का, हे?"

"आईले मी सांगतलं. बाबांले आईनं."

"मंग? काय म्हणले ते?"

"बाबा म्हणले, गाडीत पेट्रोल आहे का पाह्य."

हिरालालनं तिच्याकडे पाहिलं. सेलूच्या या व्याह्याशी साक्षगंधाच्या दिवशी जेवणावळीवरून त्याचं चांगलंच वाजलं होतं. "चांगला माणूस आहे तुहा बाप," तो म्हणाला. "मी जरा उशिरा ओळखलं."

येळाकेळीला समृद्धीवर चढायच्या अलीकडे रस्त्यात लोखंडी अडथळे लावलेले होते. दारूबंदीचा जिल्हा, तपासणी नवी नव्हती. पण आज नेमकी जाणारी बाजूही अडवली होती. पुढे चार गाड्या. सुरभीनं हॉर्न दाबला. एक हवालदार काठी हलवत आला. छातीवर नाव होतं, पुंडलिकराव.

"कायची घाई, मॅडम? डिक्की उघडा."

"हवालदार साहेब, दवाखान्याचं काम आहे. लवकर सोडा."

हवालदार वाकला. आत बसलेला माणूस घामानं न्हायलेला, सदऱ्याची बटणं उघडी, दोन्ही हात पोटावर आवळलेले, आणि हातांखाली काहीतरी फुगीर. हवालदाराची नजर तिथेच थांबली.

"काका, काय आहे पोटाशी?"

"काई नाई."

"अरे, तुम्ही देवळीचे बर्फवाले ना? हिरालालभाऊ? आमच्या पोरीच्या लग्नात कुल्फी तुमचीच होती." त्याचा चेहरा क्षणभर सैलावला आणि पुन्हा ताठ झाला. "बर्फवाला माणूस, एसीची गाडी, अन् काचा बंद करून शिजून राह्यला? हात काढा बरं."

"नाई काढत."

"काढा म्हणतो ना! पव्वा आहे का?"

"पव्वा नाई. औषधाचं आहे."

"मंग दाखवा. उघडून दाखवा."

"उघडलं का हवा लागन!"

आता दुसरा शिपाई आला. मागच्या गाडीतून दोघं उतरून बघायला लागले. सुरभी काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. तिच्या तोंडून तो शब्द चारचौघांत निघावा, हे हिरालालला पटलं नाही. ते काम त्याचं होतं. काल वॉर्डात जे बोलायला हवं होतं आणि बोललं गेलं नव्हतं, ते सगळं त्याच्या नरड्याशी आलं आणि एकदम, मोठ्यानं, भर रस्त्यात बाहेर पडलं.

"वीर्य आहे! माह्या पोराचं वीर्य आहे या डबीत! त्याले कॅन्सर झाला. आज दुपारी औषध लावून राह्यले, मंग त्याले लेकरू होईन का नाई कोणी सांगत नाई. हे नागपूरले न्यायचं आहे, जितं! काल मी बर्फात घालून मारलं. आज तुम्ही उन्हात उभं करून मारता का?"

उतरलेल्या दोघांपैकी एकानं टोपी काढली, का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुंडलिकराव हवालदारानं हिरालालच्या हातांकडे पाहिलं, मग सुरभीकडे.

"ही कोण?"

"माही सून," हिरालाल म्हणाला. "होणारी."

हवालदार मागे वळला आणि त्याची शिट्टी अशी वाजली की पुढच्या चार गाड्या दचकून बाजूला झाल्या. "हटवा बे ते! ओढा! पांढऱ्या गाडीले जाऊ द्या!" लोखंडी अडथळा खरवडत बाजूला सरकला. गाडी सुटली तेव्हा तो खिडकीबरोबर चार पावलं धावला. "हिरालालभाऊ, हात नोका काढजा! दाबून धरा!"

समृद्धीवर गाडी चढली आणि सुरभीनं काटा एकशेवीसवर नेऊन टेकवला. देवळी-वर्धा रस्त्यावर दुसऱ्याच्या दुचाकीला हळू चालव म्हणून ओरडणारा हिरालाल पुढे झुकून बसला होता.

"दाब ना, बाई!"

"कॅमेरे आहेत, मामाजी. याच्यावर गेलं का फोटो निघते."

"निघू दे फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये लावू."

सुरभी हसली, पण काटा तिथेच ठेवला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं मागे पळत होती. हिरालालला पोटाशी डबी जाणवत होती आणि नव्हतीही. त्याच्या अंगाची आणि तिची ऊब आता एकच झाली होती. जिवंत आहेत का मेले, हे हातानं कळत नाही, एवढंच त्याला छळत होतं. बर्फाचं बरं असतं, वितळला की पाणी दिसतं.

प्रयोगशाळेच्या दारात आचल मॅडम स्वतः उभ्या होत्या. हिरालालनं खिशातून डबी काढली. रुमाल चिंब, बनियन चिंब. मॅडमनी तळहातावर घेतली आणि मान हलवली. "छान ऊब आहे." रजतच्या सहीचे कागद कालच दिलेले होते. त्या आत गेल्या.

खिडकीपाशी सासरा आणि सून शेजारी शेजारी उभे राहिले. पडदा उजळला. करडं चित्र. तीळ.

तीळ, जागच्या जागी.

मॅडम पट्टी सरकवत होत्या. डावीकडे तीळ, उजवीकडे तीळ. आणि मग वरच्या कोपऱ्यातून एकजण शेपटी झटकत निघाला, सगळ्या निजलेल्यांच्या मधून वाट काढत आडवा पडदा पार करून गेला.

"तो पाह्य!" हिरालालनं काचेवर बोट आपटलं. "तो पाह्य, तो पाह्य!"

"खाली, मामाजी! खाली दोन आहेत!"

"तो थांबला... नाई, नाई, फिरला! फिरला ना! हा एक. अन् हा लहाना कोण?"

"सगळेच लहाने आहेत, मामाजी."

"नाई, हा लय चपळ आहे. याच्यावर लक्ष ठेव."

मॅडम मान न वळवता मोजत राहिल्या. पट्टी बदलली, पुन्हा मोजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवरूनच सुरभीला कळलं आणि तिनं हिरालालचा ओला बाहीसकट दंड घट्ट धरला.

"काल फीत दाखवली तेवढे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पण पळणारे आहेत आणि पुरतील. पुढे मूल होईलच अशी हमी मी देत नाही, कुणीच देत नाही. पण रस्ता बंद झालेला नाही. आता आम्ही औषध घालून गोठवतो."

"मी पाहू का, गोठवताना?" हिरालालनं विचारलं. धंद्याचा माणूस तो, राहवलं नाही.

शेवटच्या टप्प्याला त्यांनी त्याला दारापाशी उभं राहू दिलं. कमरेएवढ्या टाकीचं झाकण निघालं आणि पांढरी वाफ कडेवरून उतरून जमिनीवर पसरली. पहाटे लाद्या काढताना कारखान्यात उठते तशी. फक्त ही जास्त दाट, जास्त शांत. बारीक नळ्या त्या वाफेत बुडाल्या.

"किती दिवस टिकते, मॅडम?"

"वर्षानुवर्षं."

"वितळत नाई?"

"आम्ही वितळवेपर्यंत नाही."

हिरालालनं टाकीकडे तिच्या लायकीचा मान देत पाहिलं. "माहा तर संध्याकाळलोक टिकत नाई," तो म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं रजतला फोन लावला. मंदाबाईनं उचलला. पलीकडे डॉक्टरांचा आवाज येत होता, सलाइनचा स्टँड सरकवल्याची खरखर येत होती.

"रजतले दे. अन् त्या सिस्टरले म्हण, अर्धा मिनिट थांबा."

"बाबा?"

हिरालालनं येताना बरीच वाक्यं जुळवली होती. मॅडम असं म्हणाल्या, टाकी अशी आहे, रस्त्यात असं झालं. त्यातलं एकही तोंडात येईना.

"पळून राह्यले, रजत," तो म्हणाला. "मी डोयानं पाह्यलं. सुरभीनंही पाह्यलं. एक लहाना आहे, लय चपळ. पळून राह्यले."

पलीकडून नळीतून ओढलेला एक लांब श्वास आला आणि त्यामागून रजतचा आवाज. बापाशी नव्हे, खोलीतल्या कुणाशी तरी बोलणारा.

"लावा, सिस्टर."

हिरालालनं फोन खिशात ठेवला, बनियनच्या नव्हे, सदऱ्याच्या. तो गाडीत येऊन बसला. सीट तापलेली, काचा तशाच वर. सुरभीनं ओढणीनं डोळे पुसले आणि चावी फिरवली.

"मामाजी, आता लावू का एसी?"

"लाव," हिरालाल म्हणाला, बटणं लावायचंही विसरून. "फुल लाव."